अकरावीची दोन वर्षं

आमच्या घरात शेतीचं गिरधर बघतो आणि कागदांचं मी. गिरधर माझा धाकटा भाऊ. केळीला पाणी कधी सोडायचं, ऊस कोणत्या शेतात लावायचा, हे त्याला सांगावं लागत नाही. पण सातबारा, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्डावरचं नाव, यातलं काहीही निघालं की तो हात झटकतो आणि म्हणतो, "नानाले विचारा." नाना म्हणजे मी, उमाकांत. चौतीस वर्षं तहसील कचेरीत लिपिक होतो, त्यातली नऊ वर्षं धडगावला. तिकडे नर्मदेकाठची माणसं, पार मणिबेलीकडची, आधी होडीनं आणि मग जीपनं कागद घेऊन यायची. एखाद्याजवळ एखादा कागद कमी निघाला तर मी तिथल्या तिथे मजकूर सांगून तो उभा करून द्यायचो. त्यामुळे कागद ही बनवायची गोष्ट आहे, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं. ते कसं अंगाशी आलं तेच सांगतो.

चेतना गिरधरची मुलगी. मला मूलबाळ नाही, म्हणून तिच्यावर मी जरा जास्तच हक्क गाजवतो. तिला दहावीला ब्याऐंशी टक्के पडले तेव्हा पेढे गिरधरनं आणले, पण वाटले मी. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसून मी जाहीर करून टाकलं की आमची पोर कृषी अधिकारी होणार. मला कोणी विचारलं नव्हतं. तिला तरी कुठे विचारलं होतं, पण नशिबानं तिच्याही मनात तेच होतं.

अकरावीला तिनं तालुक्याच्या गावी सायन्स घेतलं. दहावीपर्यंत सगळं मराठीतून शिकलेली पोर एकदम इंग्रजी पुस्तकांपुढे बसली. आमच्या गावातून सायन्सला दुसरं कोणीच नव्हतं, म्हणजे विचारायलाही कोणी नाही. ती रोज जायची, वह्या भरून आणायची, सुंदर अक्षरात. घरी आम्हाला वाटायचं की सगळं ठीक चाललंय. एप्रिलच्या शेवटी निकाल लागला आणि ती फिजिक्स आणि मॅथ्समध्ये नापास झाली.

मी लगेच वर्गशिक्षकांना भेटलो. भला माणूस. म्हणाले, "काळजी करू नका, अकरावी आमच्याच हातात असते. थोडे गुण वाढवून वर ढकलून देतो. बारावीत करील अभ्यास." माझा जीव भांड्यात पडला. घरी येऊन मी ही बातमी सांगितली, तर चेतना चुलीजवळ भाकरी थापत होती, ती थांबली.

"नाना, माले वर ढकलू नका," ती म्हणाली. "अकरावीनंच काही समजनं नही, मंग बारावीमा काय लिखसू? मी परत अकरावीलेच बठसू."

मला वाटलं पोर भावनेच्या भरात बोलतेय. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. रडणं नाही, आदळआपट नाही. तिची आई मोहिनी समजावून थकली. गिरधर मात्र म्हणाला, "पोर सोताहून म्हनी ऱ्हायनी, मंग बठू द्या." त्याचा हिशेब साधा. रोप नीट धरलं नाही तर तो दुसरं लावतो, त्यात त्याला काही लाज वाटत नाही.

लाज मला वाटत होती. ओट्यावर बोललो होतो ना मी.

पण घरात मी लाजेचं नाव काढलं नाही. मी प्रवेशाचं नाव काढलं. वर्ष पुन्हा केलं की पुढे कॉलेजला प्रवेश मिळायला काय अडचण येते, याची मी चौकशी सुरू केली, आणि ती माझ्या पद्धतीनं केली, म्हणजे जिथे जाऊन विचारायला हवं तिथे सोडून सगळीकडे. एका लग्नात एकानं सांगितलं की रिपीटर असला तर मेरिटमधून दहा मार्क कापतात. बँकेतला एक ओळखीचा म्हणाला, मुलाखतीत विचारतात आणि तिथेच नाव मागे पडतं. आमच्या चौफुलीवर भूपेशचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, तो म्हणाला, "काका, नापासचा शिक्का बसला की सिस्टम उचलतच नाही." सिस्टम काय उचलते आणि काय नाही, हे मी त्याला विचारलं नाही. कृषी महाविद्यालय आमच्या घरापासून दीड तासावर आहे. तिथे जाऊन एका माणसाला विचारलं असतं तर काम झालं असतं. पण तिथे कोणासाठी विचारता हे सांगावं लागलं असतं.

मी गिरधरला बसवून सांगितलं, "नापास पोरले कोनतंच कॉलेज उभं करस नही. तिले बठू दे अकरावीले, पन हाई गोष्ट घरना बाहेर जावाले नको. लोकेस्ले समजनं म्हनजे उद्या कॉलेजलेबी समजी."

गिरधर माझ्या तोंडाकडे बघत राहिला. "तुम्ही म्हनतस ते खरंच व्हई," तो म्हणाला. कागदाच्या बाबतीत त्यानं मला कधी उलटं विचारलेलं नाही.

मग मी कावीळ काढली. चेतनाला कावीळ झालीय, डॉक्टरांनी वर्षभर विश्रांती सांगितलीय, म्हणून अकरावी राहिली. गावात हे सांगायला दोन दिवस पुरले. कावीळ वर्षभर टिकत नाही हे मलाही ठाऊक होतं, म्हणून दिवाळीनंतर आणि होळीनंतर अशी दोनदा मी ती उलटवली.

आता आजारी माणूस रोज कॉलेजला जातो कसा? त्याचीही सोय मी केली. चेतना गावातल्या थांब्यावर बसमध्ये चढायची नाही. ती मागच्या दारानं निघून आमच्या केळीतून पाटाच्या कडेकडेनं चालत शेजारच्या कळसाडी गावाला जायची आणि तिथून बस धरायची. सकाळचा पाऊण तास जाताना, संध्याकाळी पाऊण तास येताना. पावसाळ्यात तिच्या चपला चिखलात रुतायच्या, म्हणून ती त्या हातात घेऊन चालायची आणि कळसाडीच्या हापशावर पाय धुवायची. हे मला मोहिनीनं सांगितलं. मी म्हटलं, चालेल, वर्षभराचाच प्रश्न आहे.

लोक तर इतके मायाळू निघाले की मला त्यांचा राग यायचा. शेजारची भिकुबाई रोज दुपारी उसाचा रस पाठवायची, काविळीला चांगला म्हणून. चेतना घरी नसायची, तो रस मी प्यायचो. रविवारी भिकुबाई स्वतः येऊन ओसरीत बसायची. "कशी शे व पोर? उतरनी का कावीळ?" असं विचारून पोरीचे डोळे ओढून बघायची. लग्नसराईत तर कहर झाला. वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्याच्या भाजीची पंगत बसलेली, आणि आमच्या चेतनासाठी यजमान खास वेगळी बिनतेलाची खिचडी करून आणायचे, चार माणसांत नाव घेऊन वाढायचे. ती खाली मान घालून खायची. मी समोरच्या पंगतीत बट्टी चुरून खात असायचो आणि माझ्या घशाखाली ती नीट उतरायची. हे मी आज लिहितो आहे, त्या वेळी मला तसं काही वाटलं नव्हतं.

एकदाच ती मला बोलली. "नाना, माले आजारी म्हननं चांगलं लागस नही." मी म्हटलं, तुझ्याच कॉलेजसाठी चाललंय सगळं. पुढे तिनं कधी विषय काढला नाही.

अभ्यास मात्र तिनं केला. पहिल्या वर्षी ती वह्या भरायची, दुसऱ्या वर्षी ती वह्या खोडायची. एकच उदाहरण चार वेळा चुकवून पाचव्या वेळी बरोबर आलं की ती पान फाडून ठेवायची, बरोबर आलेलं नव्हे, चुकलेली चारही. अकरावी एकाहत्तर टक्क्यांनी सुटली. बारावीला अठ्ठ्याहत्तर पडले, सीईटीही चांगली गेली, आणि यादीत आपल्याच जिल्ह्यातल्या कृषी महाविद्यालयात तिचा नंबर लागला. गिरधरनं त्या दिवशी केळीत जाऊन पाणी बंद केलं आणि तो दिवसभर घरी बसून राहिला, हे त्याच्या आयुष्यात मी पहिल्यांदा बघितलं.

कागदांची जुळवाजुळव अर्थात माझ्याकडे. भूपेशनं फॉर्म बघून सांगितलं, "काका, दहावी बावीस आणि बारावी पंचवीस. मध्ये एक वर्ष जास्त आहे. गॅप सर्टिफिकेट लागेल." मला तर आनंदच झाला. नापास लपवायला एक रीतसर कागद असतो आणि त्यात घालायला माझ्याकडे आजार तयार आहे, आणखी काय हवं? नोकरीत असताना खंडाची अशी प्रतिज्ञापत्रं मी हजारांनी लिहिली होती, मजकूर तोंडपाठ. 'सन २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात माझी पुतणी आजारी असल्याने तिने कोठेही प्रवेश घेतलेला नव्हता, वरील मजकूर खरा आहे.' गिरधर केळीच्या घडांच्या गाडीवर होता, म्हणून पालक म्हणून सही मी केली. खाली चेतनाची सही घेतली.

"नाना, मी तं कॉलेजमाच व्हती त्या साले," ती सही करता करता म्हणाली.

"तुले कागदमधलं काय समजस?" मी म्हटलं. तिनं सही केली.

प्रवेश निश्चित करायचा तो शेवटचा दिवस होता. संध्याकाळी पाचपर्यंत कागद तपासून झाले नाहीत तर जागा पुढच्या फेरीत जाणार, आणि पुढच्या फेरीत ती आपल्याला मिळेलच असं काही नाही. आम्ही तिघं दुपारी पोचलो. गिरधर आत आला नाही. म्हणाला, "माले तिठे काय समजनार शे? तुम्ही जा." तो फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली पिशवी घेऊन बसला. आत हॉलमध्ये टेबलं मांडलेली आणि बाजूच्या बाकांवर प्रतीक्षा यादीतली पोरं आपापल्या बापांबरोबर बसलेली. कोणाचा तरी कागद अडेल या आशेनं ती सगळी टेबलांकडे बघत होती.

आमच्या टेबलावर प्राध्यापक दलसिंग पावरा होते. पस्तिशीचे, शांत. एकेक कागद घ्यायचे, वाचायचे, पालथा ठेवायचे. गुणपत्रक झालं, सीईटी झाली, सातबारा झाला. मग त्यांनी प्रतिज्ञापत्र वाचलं. ते पालथं ठेवलं नाही. खालून बारावीचा शाळा सोडल्याचा दाखला पुन्हा काढला आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवले.

"या प्रतिज्ञापत्रात लिहिलंय की त्या वर्षी हिनं कुठेही प्रवेश घेतला नव्हता," ते म्हणाले. "दाखल्यावर आहे, जुलै बावीसपासून मे पंचवीसपर्यंत ही सलग त्यांच्याकडे शिकत होती. म्हणजे खंड पडलेलाच नाही. दोन्ही कागद एकदम खरे असू शकत नाहीत."

दाखल्यावर मी जन्मतारीख बघितली होती, जात बघितली होती, नावाचं स्पेलिंग बघितलं होतं. तारखेचा रकाना मी बघितलाच नव्हता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदांतल्या चुका काढणारा मी.

पण सवय कुठे जाते? तोंड आपोआप सुरू झालं. "सर, त्याचं असं आहे, आजारी होती पण नाव चालू ठेवलं होतं."

"मग हजेरी?"

"हजेरी थोडीफार. मध्येमध्ये बरं वाटायचं तेव्हा जायची."

"डॉक्टरांचं प्रमाणपत्र आहे?"

"ते काय, उद्या आणून देतो," मी म्हटलं, आणि मनात डॉक्टर शोधायलाही लागलो.

"नाना, पुरे आते," चेतना म्हणाली.

ती हळूच म्हणाली, पण शेजारच्या टेबलावरच्यांनीही ऐकलं. मग ती पावरा सरांकडे वळली आणि शाळेतल्या मराठीत बोलायला लागली. "सर, मी आजारी नव्हते. मी अकरावीत नापास झाले होते. कॉलेज मला वर ढकलत होतं, मीच नको म्हटलं. मला फिजिक्स समजलं नव्हतं. म्हणून मी अकरावी पुन्हा केली. घरच्यांना वाटलं की हे कळलं तर मला कुठे प्रवेश मिळणार नाही. म्हणून वर्षभर मला काविळीचं जेवण जेवावं लागलं. मी रोज कॉलेजला जात होते, सर. हजेरी शहाण्णव टक्के आहे."

बाकावरच्या पोरांमधलं कोणीतरी हसलं. ती तिकडे वळून बघेना. मी मात्र बघितलं, आणि नंतर जमिनीकडे बघत राहिलो.

पावरा सरांनी पेन खाली ठेवलं. "तुम्हाला कोणी सांगितलं की प्रवेश मिळणार नाही?" त्यांनी मला विचारलं. मी कोणाचं नाव सांगणार? लग्नातल्या पंगतीचं?

"आम्ही अकरावी बघतच नाही," ते म्हणाले. "बारावीचे गुण आणि सीईटी, बस्स. अकरावी एकदा केली की तीनदा, आमच्या यादीत त्याला रकानाच नाही. दाखल्यावर तीन वर्षं दिसली म्हणून आम्ही जास्तीत जास्त तिला विचारलं असतं, आणि तिनं आत्ता सांगितलं तसं सांगितलं असतं, की झालं, पुढचं नाव." मग त्यांनी प्रतिज्ञापत्रावर बोट ठेवलं. "पण हे शपथेवर लिहिलेलं आहे आणि खोटं आहे. यावर मी प्रवेश दिला, तर आज नाही तर चौथ्या वर्षीसुद्धा तो रद्द होऊ शकतो. सही कोणाची?"

"माझी," मी म्हटलं. "तिला यातलं काही माहीत नव्हतं."

"माहीत होतं, सर," चेतना म्हणाली. "मीही सही केलीय. बोलले होते, पण केली."

सरांनी घड्याळ बघितलं. चार वाजायला दहा मिनिटं होती. "ज्यांनी लिहिलं त्यांनी लेखी द्यावं, की हा मजकूर खोटा आहे आणि तो का दिला. प्राचार्य वाचतील आणि ठरवतील. त्यांनी नाही म्हटलं तर माझ्या हातात काही नाही." त्यांनी मला दोन कोरे कागद दिले आणि आमच्यामागच्या पोराला बोलावलं.

मी खिडकीजवळच्या बाकावर बसलो. चौतीस वर्षांत मी किती अर्ज लिहिले असतील, मोजदाद नाही. लोकांचे अपराध मी 'अनवधानाने', 'नजरचुकीने', 'परिस्थितीवश' अशा शब्दांत गुंडाळून दिले आहेत. हात तिकडेच गेला. 'नजरचुकीने चुकीचा मजकूर दिला गेला', असं लिहून मी कागद चेतनाला दाखवला.

तिनं वाचला. "नाना, नजरचूक नही व्हती ती," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं, मीही चिडलो असतो. राग नव्हता. तिला फक्त पाच वाजायच्या आधी आत जायचं होतं.

दुसऱ्या कागदावर मी लिहिलं की पुतणीच्या प्रवेशाला बाधा येईल या गैरसमजातून. हे निम्मं खरं होतं. ते लिहून मी थांबलो. समोर घड्याळ, बाकावर टपलेले बाप, आणि शेजारी ही पोर, जी त्या वर्षी रोज दीड तास चिखलातून चालून फिजिक्स शिकली आणि जिनं माझ्याविरुद्ध गावात एक शब्द काढला नाही. गैरसमज प्रवेशाबद्दल असता तर मी दीड तासाच्या अंतरावर येऊन विचारून गेलो असतो. तो गैरसमज मी जपून ठेवला होता, मला तो हवा होता. मला पहिल्यांदा माझीच किळस आली.

मी 'गैरसमजातून' खोडलं आणि पुढे लिहिलं, 'माझी पुतणी नापास झाली होती व तिने स्वतःच्या इच्छेने इयत्ता अकरावी पुन्हा केली. ती आजारी नव्हती. गावात मोठेपणाने बोललो असल्याने मी लाजेपोटी खोटे लिहून दिले. यात तिचा दोष नाही.' खाली सही केली. खाडाखोडीचा अर्ज मी आयुष्यात कधी दिला नव्हता, तोही दिला.

प्राचार्यांनी तो दोनदा वाचला. त्यांनी मला काहीच विचारलं नाही. चेतनाला विचारलं, "ढकलत होते, तर गेली का नाहीस? सगळे जातात."

"सर, नियम पाठ होते, पण एकही उदाहरण स्वतः सोडवता येत नव्हतं," ती म्हणाली. "पुढे ते वाढतच गेलं असतं."

"आता येतात?"

"बरीच येतात."

प्राचार्यांनी प्रतिज्ञापत्रावर तिरकी रेघ मारली, माझ्या अर्जावर शेरा लिहिला आणि म्हणाले, "हे पत्र चार वर्षं हिच्या फाईलला राहील." पाचला बारा मिनिटं असताना पावरा सरांनी तिचा प्रवेश निश्चित केला. बाकावरचा एक बाप उठला आणि पोराला घेऊन निघून गेला. सवयीनं मी माझ्या पत्राची शिक्का मारलेली प्रत मागून घेतली.

बाहेर आलो तर गिरधर उभा राहिला. दुपारपासून तो तिथेच होता, पाण्यालाही उठला नव्हता.

"व्हयी गयं, आप्पा," चेतना म्हणाली. "ॲडमिशन भेटनी."

त्यानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि डोळे पुसले. मग मला विचारलं, "इतला येळ कसाले लागना, नाना? अकरावीनं समजी गयं का त्यासले?"

"समजनं," मी म्हटलं. "पन त्या अकरावी देखतसच नहीत."

"देखतस नहीत?"

"नही."

"पयलेपसून देखतस नहीत?"

"नही, गिरधर."

आमच्या मागून पोरं हसत, फोनवर बोलत बाहेर पडत होती. चेतना पिशवीत कागद नीट लावत बसली होती. गिरधर तिच्याकडे बघत होता, आणि मला माझ्या भावाचा चेहरा ओळखू येईना.

"मंग वरीसभर पोरले लपाडीसन कसाले ठेवं?" त्यानं विचारलं. "तुम्हीनच सांगं व्हतं ना, नाना, नापासनं समजनं तं कॉलेज भेटाव नही. म्हनीसन मी तिले मांगला दारतून काढी दी रोज."

तोंडानं सांगायला मला जमलं नाही. मी खिशातली प्रत काढून त्याच्या हातात दिली. गिरधर सातवी शिकलेला आहे, बोट ठेवून वाचतो. त्याचं बोट ओळीखालून हळूहळू सरकत गेलं, खोडलेल्या शब्दावर थांबलं, पुढे गेलं आणि पुन्हा थांबलं.

"लाज," त्यानं वाचलं आणि वर बघितलं. "कोनी लाज, नाना? पोरनी?"

"नही," मी म्हटलं. "मन्ही."